पाठराखीण

बायजाची एक पेटी होती, पत्र्याची, हिरव्या रंगाची. तिला कुलूप होतं आणि किल्ली बायजाच्या गळ्यात. पेटीत दोन लुगडी, आईची जोडवी आणि सगळ्यात खाली, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेला वहाणांचा एक जोड. पुरुषी वहाणा, जाड तळाच्या, नाल ठोकलेल्या. पंधरा वर्षं त्या तिथं होत्या आणि पंधरा वर्षांत एकदाही कुणाच्या पायात गेल्या नव्हत्या. पायात घालायला घेतल्याच नव्हत्या. सुंदराच्या नाकाला लावायला घेतल्या होत्या.

सुंदरा म्हणजे बायजाची भावजय, थोरल्या भावाची, हिरूची, बायको. कडावच्या पलीकडं, पेज नदीच्या अंगाला त्यांचं घर. दोघी एकाच चुलीवरचं खात होत्या, एकाच बावीचं पाणी भरत होत्या, आणि बायजा रोज सकाळी उठली की आधी गळ्यातली किल्ली चाचपायची आणि मग तोंड धुवायची. सूड म्हणजे काय ते ज्याला बघायचं असेल त्यानं त्या काळात बायजाला बघावं. देवाला विसरेल पण सुंदराला विसरायची नाही, अशी बाई.

बायजाला फेफरं येत होतं. आपल्याकडं फेफरं आलेल्याच्या नाकाला काय लावतात ते सांगायला नको. कुणी कांदा फोडतो, पण कांद्यासाठी घरात जावं लागतं, वहाण दारातच असते. बायजा पडली की जो जवळ असेल तो वहाण उचलायचा. बहुतेक वेळा सुंदराच जवळ असायची, आणि सुंदराच्या वहाणा टायरच्या. खोपोलीला घाटाखाली ट्रकांची झिजलेली टायरं कापून वहाणा करणारे बसत, हिरू तिथूनच बायकोसाठी आणायचा. चार पावसाळे मोडत नाहीत, म्हणायचा.

आता गोम इथंच आहे. बायजाला फेफरं यायच्या आधी वास यायचा. जळक्या टायरचा, घशात उतरणारा, मळमळवणारा वास. तो आला की तिला कळायचं, झालं, आता आपण जाणार. त्यावरून तिनं एक हिशोब मनाशी पक्का बांधला होता, आणि खरं सांगायचं तर हिशोब अगदीच खुळा नव्हता. वहाणेच्या वासानं फेफरं जातं, हे सगळं गाव मानतं. मग ज्या वासानं जातं, त्याच वासानं बोलावता का येऊ नये? माझ्या नाकाला आधी वास येतो, मग मी पडते. टायरच्या वहाणा घरात कुणाच्या? सुंदराच्या. म्हणजे ही कुठून तरी, कशी तरी, मला वहाण हुंगवते आणि फेफरं आणते.

हा संशय कुठून सुरू झाला, तर बायजाच्या लग्नातून.

साल पंचावन्न. बायजा सतरा वर्षांची, उंच, नाकात नथ घातली की राणीसारखी दिसणारी. खालापूर तालुक्यात, चौकच्या अलीकडच्या एका गावात तिला दिली. नवरा येसाजी. घर भरलेलं, भाताची खाचरं नदीपर्यंत. नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, पाठराखीण. नव्या घरात पोर एकटी पडू नये, तिच्या पाठीशी आपलं कुणी असावं म्हणून. बायजाबरोबर सुंदरा गेली. सुंदराचं स्वतःचं लग्न होऊन वर्षच झालं होतं, तीही जेमतेम सोळा-सतराची.

तिसऱ्या दिवशी पूजा होती. घरात पाहुणे. बायजा चुलीपुढं बसली होती, सुंदरा शेजारी. आणि बायजाला तो वास आला, जन्मात पहिल्यांदा. तिनं मान वळवली, सुंदराचं तोंड दिसलं, आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा तोंडात रक्त, पुढचा एक दात नाही आणि उशाशी सुंदराची टायरची वहाण पडलेली, तिलाही रक्त. संध्याकाळच्या आत येसाजीनं तिला बैलगाडीत घालून माहेरी पोचवली. "रोगी पोर गळ्यात बांधली," म्हणाला, आणि तिच्या बापाचं पाणीही प्याला नाही. वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली.

म्हणजे बघा. नवरा गेला, दात गेला, संसार तीन दिवसांत आटोपला, आणि उशाशी कुणाची वहाण होती? बायजानं त्या दिवशी जी खूणगाठ बांधली ती बावीस वर्षं सुटली नाही.

सुरुवातीला ती बोलत नव्हती. सुंदराच्या भाकरीत खडा जाईल, सुंदराचं वाळत घातलेलं लुगडं नेमकं गाईच्या पायाखाली येईल, सुंदरा माहेरी निघाली की त्याच दिवशी बायजाचं डोकं दुखेल, असलं बारीकसारीक चालायचं. मग बासष्ट साली साजगावच्या जत्रेत ती पडली. सुक्या मासळीच्या पाट्यांमध्ये, चारचौघांत, सगळ्या तालुक्यासमोर. डोळे उघडले तेव्हा भोवती माणसांचं रिंगण, आणि सुंदरा तिच्या नाकाशी वहाण धरून बसलेली. बायजा उठली, अंगावरचे मासळीचे खवले झटकले, तशीच चालत वहाणांच्या पालाशी गेली आणि तो जाड तळाचा जोड घेतला. परत त्याच रिंगणात येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ज्या कुणी माझं वाटोळं केलंय, त्याच्या नाकाला ही वहाण लावीन, समद्या गावादेखत. आधी मला बरी होऊ दे. विठोबाची आण."

नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांनी सुंदराकडं पाहिलं. सुंदरानं आपली वहाण खाली ठेवली, पायात घातली आणि गप उभी राहिली. ती गप राहिली म्हणूनच लोकांना पटलं.

बरी होऊ दे, ही अट बायजानं मुद्दाम घातली होती. आज वहाण लावायला जावं आणि मध्येच सुंदरानं फेफरं आणलं तर हसं कुणाचं होणार? आधी हिच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं, मग हिला धरायचं. म्हणून बायजा बरी व्हायला निघाली, आणि बरी होण्यासाठी एवढा जीव तोडणारा रोगी डॉक्टरांनी दुसरा पाहिला नसेल.

भगत आधीच होऊन गेला होता. त्यानं कोंबडं घेतलं, लिंबं कापली आणि विळा तापवून कपाळावर दोन डाग दिले. डाग राहिले, फेफरंही राहिलं. मग कर्जतचे डॉक्टर. म्हातारा, सरळ माणूस. त्यांनी पांढरी गोळी दिली. फेफरं थोडं कमी झालं, पण झोप एवढी की आवणीला रोप लावता लावता बायजा चिखलात बसल्या जागी पेंगायची. मग दुसरी गोळी जोडली, तिनं हिरड्या सुजून दातांवर आल्या. मग तिसरी, तिनं चालताना झोक जायचा आणि एकाच्या दोन सुंदरा दिसायच्या, हे तर बायजाला अजिबात नको होतं. एक गोळी तिनं चुकवली नाही. तरी महिन्याला सात-आठ वेळा टायर जळायचंच.

आणि मधल्या काळात सूड काही रिकामा बसला नव्हता. सुंदराची लेक मैना लग्नाला आली. चांगली पोर, सातवी शिकलेली, हाताला चव. दहिवलीचं स्थळ आलं. बायजा लुगडं बदलून दहिवलीला गेली, त्यांच्या ओटीवर बसली आणि म्हणाली, "पोर चांगली हाय. आयशी वहाणेवर करणी करती, तेवढं बघून घ्या." स्थळ मोडलं. मग वावोशीचं आलं, बायजा वावोशीला गेली. मग नेरळकडचं, तिथंही गेली. बोलवायला कुणी आलं नव्हतं, आपल्या पायांनी गेली. शेवटी मैनाला पालीकडं दोन पोरांच्या बापाला, बिजवराला, दिली.

मैना सासरी गेली त्या दिवशी सुंदरा गोठ्यात उभी होती. "वन्सं, माझ्या पोरीनं तुमचं काय केलं होतं?" तिनं विचारलं.

"तिनं काय नाय केलं. तिच्या आयशीनं केलं," बायजा म्हणाली आणि दुधाची चरवी घेऊन आत गेली. त्या रात्री तिला छान झोप लागली, हेही सांगून टाकायला हवं.

सत्त्याहत्तर साली कर्जतच्या डॉक्टरांनी हात टेकले. "बायजाबाई," ते म्हणाले, "दोन-तीन औषधं नीट घेऊनही जे थांबत नाही, ते चौथ्या गोळीनं थांबेल ही आशा फार थोडी. हे औषधाला न जुमानणारं फेफरं आहे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात चिठ्ठी देतो. तिथं आणखी मार्ग आहेत. पण एक करा, ज्यानं तुमचं फेफरं अगदी सुरुवातीपासून पाहिलंय असं माणूस बरोबर न्या. खाली पडल्यावर सगळी फेफरी सारखीच दिसतात. पडायच्या आधी काय होतं, ते त्यांना हवं असतं."

असं माणूस कोण? हिरू तर बहिणीला आकडी आली की भिंतीकडं तोंड करून रामराम म्हणायचा. आईबाप गेलेले. बावीस वर्षं ज्या एका बाईचं लक्ष बायजावरून हललं नव्हतं ती सुंदरा. शेजारणीही म्हणाल्या, सुंदराला तर वास लागतो, बायजा पडायच्या आधी ती धावते. बायजा मनात म्हणाली, लागणारच, तीच आणते ना.

सुंदरा अंगणात तांदूळ पाखडत होती. बायजा समोर उभी राहिली. बावीस वर्षांत तिनं सुंदराकडं काही मागितलं नव्हतं. "मुंबईला यायचंय," ती म्हणाली, भिंतीला सांगावं तशी.

सुंदरानं सूप खाली ठेवलं. "येते. पण एक अट हाय. मी वहाणेनं फेपरं आणते असं तुमी सात गावांत सांगितलंत. तेच तिथं डॉक्टरच्या तोंडावर सांगायचं. एक अक्षर गाळायचं नाय. तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय."

बायजाला हसूच आलं. "माझ्या मनातलं बोललीस," ती म्हणाली.

तेव्हा बायजाच्या ध्यानात आलं नाही, की सूड काही तिच्या एकटीच्याच पेटीत नव्हता.

इस्पितळात डॉक्टर होता तिशी-पस्तिशीचा, चष्मेवाला, बोलणं हळू. त्यानं आधी सुंदराला विचारलं. सुंदरा बोलायला लागली आणि डॉक्टरची लेखणी थांबेना. "आधी नाक फुलतं. हुंगल्यावानी करतात. मग डोळे एका जागी लागतात, हाक मारली तर ओ नाय. तोंडात काय नसताना चघळतात. उजव्या हातानं पदराचं टोक चुरगाळत राहतात, आणि डावा हात असा वाकडा, ताठ. मग मान डावीकडं फिरते. मग पडतात. मी पदराकडं बघते. पदर चुरगाळला की धावते, डोकं दगडावर आपटू नये म्हणून."

"किती वर्षांपासून पाहता?"

"पहिल्यापासून. यांच्या सासरी मीच पाठराखीण होते. तिथं पहिलं आलं. दात पडला ते तवाच."

"फिटमध्ये दात पडला?"

सुंदरानं एकदा बायजाकडं पाहिलं. "नाय. नवऱ्यानं पाडला. यांच्या तोंडाला फेस बघितला आणि तो चवताळला, पाहुण्यांदेखत अब्रू गेली म्हणून. दारातली वहाण उचलली, ती माझी निघाली. नाकाला लावतो म्हणून तोंडात खुपसली. मी हात धरला तर मला उंबऱ्यावर ढकलली." तिनं कोपर पुढं केलं. तिथं एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. "घरी येऊन सासूबाईला सांगितलं. तिनं माझ्या गळ्याची आण घातली. म्हणाली, हिरू कोयता घेऊन जाईल आणि माझा एकुलता एक फासावर जाईल, बोलू नको. सासूबाई गेली तवा सांगणार होते. पण तोवर माझं ऐकायला कोण होतं?"

"खोटारडी," बायजा म्हणाली. मग तिनं आपलं म्हणणं मांडलं, एक अक्षर न गाळता. वास, टायर, वहाण, करणी, सगळं. बोट सुंदराच्या पायांकडं.

डॉक्टर हसला नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणाला, "बाई, काही लोकांची फिट मेंदूत ज्या ठिकाणी सुरू होते, ते ठिकाण वासाचं असतं. तिथं ठिणगी पडली की वास येतो. बाहेर काही नसताना येतो. वास आल्यानं फिट येत नाही. तो वास हीच फिटची सुरुवात."

"ते तुमच्या पुस्तकात. हिच्या वहाणा कुलपात ठेवा, किल्ली माझ्याकडं द्या, मग बघू," बायजा म्हणाली.

डॉक्टरनं खरंच तसं केलं. सुंदराच्या टायरच्या वहाणा त्याच्या लोखंडी कपाटात गेल्या, किल्ली बायजाच्या पदराच्या गाठीत. सुंदरा अनवाणी खालच्या फाटकाशी जाऊन बसली. बायजाच्या डोक्याला ठिकठिकाणी तारा चिकटवल्या, कागदावर रेघा उमटू लागल्या, गोळ्या मुद्दाम कमी केल्या. फेफरं यावं म्हणून डॉक्टर वाट बघतात, हे बायजाला नवलाचं वाटलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, वॉर्डात फिनेलच्या वासाखेरीज काही नसताना, टायर जळलं.

शुद्ध आली तेव्हा तिनं आधी पदर चाचपला. गाठ होती. गाठीत किल्ली होती. तिनं नर्सला घेऊन कपाट उघडायला लावलं. वहाणा होत्या तिथंच होत्या, एकीचा अंगठा झिजलेला.

लाज नंतर आली. आधी आला राग. बावीस वर्षं पोसलेला सूड कुणी हातातून हिसकून घेतला तर माणसानं धरावं काय? ती दुपारभर छताकडं बघत पडली. वास हिचा नव्हता. म्हणजे फेफरं हिनं आणलं नव्हतं. म्हणजे ही खोटं बोलत नव्हती. म्हणजे दाताचंही. तिथं आल्यावर राग जुनाच राहिला, फक्त त्याचं तोंड दुसरीकडं वळलं. आणि मग मैना आठवली, दहिवलीची ओटी आठवली, आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

संध्याकाळी सुंदरा वर आली. बायजा म्हणाली, "दाताचं परत सांग." सुंदरानं परत सांगितलं. बायजानं शब्दन् शब्द ऐकला, आणि शेवटी विचारलं, "कुठल्या हातानं?"

"उजव्या," सुंदरा म्हणाली.

मग मानेतून औषध सोडून डोक्याचे फोटो झाले, आणि डॉक्टरनं दोघींना समोर बसवून मार्ग सांगितले. एक, आणखी एक गोळी. शंभरात चार-पाच जणांना गुण येतो. दुसरा, आहार. जवळजवळ सगळं तूप, तेल, लोणी. भात नाही, भाकरी नाही, गूळ नाही, घास तोलून खायचा. त्यानं काहींची फिट थांबते, पण बहुतेक लहान मुलांची. "भात नाय तर आमी खायचं काय, पेंढा?" बायजा म्हणाली. तिसरा मार्ग शस्त्रक्रिया. फिट एकाच जागेतून निघते, उजव्या कानशिलाच्या आतून. सुंदराबाईंनी सांगितलं तेच रेघांनी सांगितलं आणि तेच फोटोनं. ती जागा काढता येईल. दहातले सहा-सात जण फिटमधून सुटतात. बाकीच्यांना थोडा फरक पडतो किंवा पडत नाही. जिवाला धोका थोडा, पण आहे. नजरेचा एखादा कोपरा जाऊ शकतो, एखादी आठवण अडखळू शकते. गोळ्या पुढं दोनेक वर्षं चालूच. आणि वर्षभर फिट आली नाही, तरच म्हणायचं की गुण आला.

"तीच जागा ना, जी बावीस वर्षं माझ्याशी खोटं बोलली?" बायजानं विचारलं.

"तसं म्हणा हवं तर."

"काढा," ती म्हणाली. "मुळासकट काढा." डॉक्टरनं कागद पुढं केला आणि तिनं अंगठा असा दाबला की शाई पलीकडं उमटली.

शस्त्रक्रिया झाली. बायजा जगली, बोलली, हिरूला ओळखलं. डावीकडचा वरचा कोपरा मात्र नजरेतून गेला. त्या बाजूला झाडाचा शेंडा असो की उभं माणूस, तिला दिसायचं नाही, मान वळवावी लागायची. घरी आल्यावर ती वर्षभर थांबली. एक महिना, चार महिने, आवणी, कापणी, झोडणी. टायर जळलं नाही. सुंदरा तिच्या पदराकडं बघायची, सवयीनं. पदर गप होता. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

वर्ष पुरं झालं त्या दिवशी सुंदराच म्हणाली, "वन्सं, साजगावला इठोबाची आण घेतली होती. ज्यानं तुमचं वाटोळं केलं त्याच्या नाकाला. ती फेडायची की पेटीतच ठेवायची?"

"फेडायची," बायजा म्हणाली. "पण आधी दुसरं एक वाटोळं निस्तरायचंय. त्याला पण हीच वहाण."

सूड अर्धवट सोडणारी बाईच नव्हती ती. माणूस चुकलं म्हणून सूड कसा सोडायचा? पत्ता बदलायचा, एवढंच. चैत्रात पालखीला गाव गोळा झालं तेव्हा बायजानं पेटी उघडली, कडुनिंबाचा पाला झाडला, देवळापुढं आली आणि वहाण स्वतःच्या नाकाला लावली. सगळ्या गावादेखत, जागेपणी. "ह्या बाईनं काय केलं नव्हतं. फेपरं माझ्या डोस्क्यातनं यायचं. मी खोटं बोलले आणि मैनाची तीन स्थळं मोडली," ती म्हणाली. हसायला कुणी धजलं नाही. सुंदरा पुढं उभी राहून बघत होती, डोळे भरून बघत होती, आणि तिला बरं वाटत होतं. तिनं ते लपवलं नाही.

"एवढ्यानं नाय भागायचं," सुंदरा म्हणाली. "दहिवली हाय. वावोशी हाय. नेरळ हाय."

बायजा दहिवलीला गेली, त्याच ओटीवर, आणि वहाण नाकाला लावून बोलली. वावोशीला गेली. नेरळला घरातली माणसं बाजाराला गेली होती, तर ती परत येईतो दारात उभी राहिली. प्रत्येक ठिकाणी सुंदरा तिच्या डाव्या अंगाला, थोडी मागं, त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात उभी असायची. आधी लोकांना वाटलं पहारा करते. बायजा धोंड्याला अडखळली की कोपर धरणारा हातही तोच असायचा. शेवटी पालीकडं मैनाच्या घरी. मैनानं सगळं ऐकून घेतलं. आत्याला आत ये म्हणाली नाही. पाणी मात्र दिलं, आणि तांब्या परत घेताना म्हणाली, "तुमचं झालं असंल तर जावा. पोरांची जेवायची वेळ झाली." बायजा त्या दिवशी वाटेत एका बांधावर बसून रडली, आणि सुंदरानं तिला रडू दिलं, गप कर म्हणाली नाही.

मग राहिलं चौकच्या अलीकडचं येसाजीचं गाव.

कर्जतहून आलेल्या एसटीतून दोघी उतरल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. येसाजी वाण्याच्या दुकानापुढं बाकावर बसला होता, चार माणसांत, पोट सुटलेलं, मिशी रंगवलेली. बायजानं त्याला तेवीस वर्षांनी पाहिलं. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, कागदावर लिहायला लागलं तरी दुसऱ्याकडून वदवते. बायजा त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली, पिशवीतून वहाण काढली आणि म्हणाली, "येसाजी. दात तू पाडलास. नाक पुढं कर."

बाकावरची माणसं उठून उभी राहिली. येसाजीनं तिला ओळखायला थोडा वेळ घेतला. कपाळावरचे डाग, पुढची फट, केसांखालची शिवण. मग तो माणसांकडं बघून हसला. "हीच ती आमची रोगी," तो म्हणाला. "फेपरं आलंय बाईला. लावा रं कुणीतरी वहाण."

बायजाच्या डावीकडच्या कोपऱ्यातून, जिथलं तिला दिसत नव्हतं, सुंदरा पुढं झाली. बाकाला वळसा घालून ती त्याच्या पाठीशी गेली आणि कोपरावर व्रण असलेल्या हातानं तिनं त्याची मानगूट धरली.

"लावा, वन्सं," ती म्हणाली. "तोंडानं मागतोय."